बागूल सरांकडे राहिलेला कागद

फोन बागूल सरांच्याच नंबरवरून आला होता, म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हटलं, "सर, सांगितलं ना, आज नाही जमणार." पलीकडे भलताच आवाज. "मॅडम, मी कंडक्टर बोलतोय, नाशिक-वणी गाडीचा. या फोनात शेवटचं नाव तुमचं दिसलं म्हणून लावला. हे साहेब तुमचे कोण लागतात?" मागे एसटीचं इंजिन धडधडत होतं, माणसं एकमेकांना मागे सरकायला सांगत होती. मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हटलं, "आमच्याकडे तासिका तत्त्वावर आहेत." अगदी असंच. नाव नाही, नातं नाही. कंडक्टर बिचारा म्हणाला, "तसं नाय मॅडम. घरचं कुणी असेल तर नंबर द्या. वणी आलं तरी उठंना झाले. दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले… लय वेळ झाला म्हणाले."

खिडकीला डोकं टेकून बसल्या जागी गेले बागूल सर. शेजारच्या माणसाला वाटलं, झोप लागली. दोन तासांपूर्वी, गाडीत चढण्याआधी, त्यांनी मला फोन केला होता. "मॅडम, संध्याकाळी आहात का घरी? तुमचा एक कागद माझ्याकडे राहिलाय. येऊन देऊन जातो." मी म्हटलं, "आज नको सर, मीटिंग आहे." कसली मीटिंग नि कसलं काय! स्टाफरूममध्ये डबा उघडून उपीट खात बसले होते. ते म्हणाले, "बरं, बरं. मग बघू." आज सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी त्या उपिटाला आणि स्वतःला किती शिव्या घातल्या असतील, माझं मला माहीत. मी मनमाडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली बाई, शिव्यांची कमतरता नाही. पण त्याने काही होत नाही.

ज्यांचा कॉलेजशी संबंध नाही, त्यांना तासिका तत्त्व म्हणजे काय ते सांगायला हवं. माणूस शिकवतो तेच, तितकंच, त्याच वर्गात, पण नेमणूक दरवर्षी नवी. सत्र संपलं की माणूस संपला. जूनमध्ये पेपरात जाहिरात येते, मग त्याने पुन्हा अर्ज करायचा, सगळ्या प्रमाणपत्रांची फाईल काखोटीला मारून पुन्हा मुलाखतीच्या बाकावर बसायचं. दिनकर बागूल आमच्या नाशिकच्या कॉलेजात वीसेक वर्षं असे बसले. एम.कॉम. पहिल्या वर्गात, नेट झालेली, सेट झालेली. नामपूरजवळच्या एका वस्तीवरचा माणूस, घरात अहिराणी, वर्गात स्वच्छ मराठी, आणि कॉस्टिंगसारखा रुक्ष विषय असा शिकवायचे की मागच्या बाकावरची कार्टी पुढे येऊन बसायची. शेवटी शेवटी तर त्या बाकावर त्यांच्या शेजारी त्यांचेच जुने विद्यार्थी उमेदवार म्हणून बसलेले असायचे. ते "सर, तुम्ही आधी जा" म्हणून उठायला लागले की बागूल सर त्यांना हात धरून बसवायचे. "नंबराप्रमाणे. शर्टाचं वरचं बटण लाव आधी." मी मात्र वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कायम झाले. माझ्या वेळी जागा निघत होत्या, एवढंच माझं कर्तृत्व. बाकी शिकवण्यात मी त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

नऊ-दहा वर्षांपूर्वी वरून एक फर्मान आलं. शेवटच्या वर्षाची मुलं नोकरीच्या जगात जायला कितपत तयार आहेत ते तपासा. सोबत फॉर्म होता, 'व्यक्तिगत व व्यावसायिक तयारी मूल्यमापन'. संवादकौशल्य, वक्तशीरपणा, पेहराव, संघभावना, आत्मविश्वास असे पाच रकाने, प्रत्येकात एक ते पाच आकडे. विभागप्रमुख म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि मी ते हसतमुखाने बागूल सरांच्या गळ्यात मारलं. खरं तर काय थट्टा बघा. ज्या माणसाला स्वतःला पुढच्या जूनची खात्री नाही, त्याने इतरांची नोकरीची तयारी मोजायची. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं, माझ्या जिभेला कुठे हाड आहे. ते हसले. म्हणाले, "मॅडम, उलट मीच योग्य आहे. अख्ख्या कॉलेजात माझ्याइतक्या मुलाखती दिल्यात कुणी?"

लायब्ररीशेजारी खेळाचं जुनं सामान ठेवायची एक खोली होती. त्यांनी ती स्वतः झाडून घेतली, एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या, आणि रोज दुपारी पाच-सहा मुलांना बोलवायला सुरुवात केली. कधीकधी मी कोपऱ्यात बसून बघायचे. वणीकडचा एक मुलगा आठवतो. घामाघूम होऊन आत आला आणि उभ्या उभ्याच पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं, मायसेल्फ अमुक, आय अ‍ॅम हार्डवर्किंग… तिसऱ्या वाक्यावर गाडी अडकली. डोळ्यांत पाणी यायचं बाकी. मुलाचं आजोळ सरांच्याच बागलाणातलं, हे त्याच्या बोलण्याच्या हेलावरून सरांनी ताडलं असावं. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि अहिराणीत विचारलं, "तुना मामानं गाव कोनतं शे?" पोरगं इतकं दचकलं की हसलंच. मग पाऊण तास बोलत होतं. सुट्टीत मामाबरोबर कांद्याच्या लिलावाला कसा जातो, कोणता व्यापारी माल बघताना मुद्दाम तोंड वाकडं करतो, त्याला काय उत्तर द्यायचं… तो गेल्यावर मी फॉर्म बघितला. आत्मविश्वासाच्या रकान्यात सरांनी चार लिहिले होते आणि शेजारी समासात बारीक अक्षरात, 'माणूस ओळखतो. इंग्रजी येईल.' मी म्हटलं, "सर, समासात लिहायचं नसतं. वरचे लोक फक्त आकडे बघतात." ते म्हणाले, "बघू दे ना. समास माझा."

या सगळ्याच्या शेवटी मात्र ते एक गोष्ट करायचे, जी कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हती. मुलाखत छान संपली, मुलगा सैलावला, उठायच्या बेतात आला, की टेबलावरून एक कोरा कागद पुढे सरकवायचे, वर पेन ठेवायचे आणि सहज म्हणायचे, "खाली सही कर." बस, एवढंच. दहातली नऊ मुलं सही करायची. कुणी वाचायलासुद्धा थांबायचं नाही, आणि वाचणार काय म्हणा, कागद तर कोरा. तारीखही टाकायची काही जण. सर कागद घेऊन फाईलला लावायचे आणि "ये आता" म्हणायचे. ती मुलं हुशार असोत, फाडफाड इंग्रजी बोलणारी असोत, त्यांच्या फॉर्मच्या समासात एकच शेरा पडायचा, 'अजून तयार नाही.' कागद परत मिळवायचा तर एकच नियम होता. स्वतः येऊन मागायचा. "सर, मी परवा कोऱ्या कागदावर सही केली, तो कागद द्या." असं म्हणत कुणी आलं की त्यांचा चेहरा उजळायचा. कागद हातात देऊन म्हणायचे, "फाड. माझ्यासमोर फाड." जी मुलं मागायला यायचीच नाहीत त्यांना ते वाऱ्यावर सोडत नसत. शेवटच्या दिवशी एकेकाला बोलावून कागद हातात देत आणि चांगलं खडसावत. पण न मागणाऱ्यांची थप्पी नेहमीच जाड असायची.

हे खूळ कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी फार खोदून विचारलं म्हणून. एम.कॉम. झाल्या झाल्या इथल्याच अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते हिशेबनीस म्हणून लागले होते. रुजू व्हायच्या दिवशी समोर कागदांचा गठ्ठा ठेवला गेला, इथे सही, इथे सही, इथे सही. त्यात एक कागद कोरा होता. "मला दिसला तो मॅडम. दिसला नाही असं नाही. पण पहिलीच नोकरी, बाहेर बाप उभा होता पेढे घेऊन. विचारलं तर वाटेल, पोरगं आगाऊ आहे." दोन वर्षांनी कामगारांची काहीतरी तक्रार झाली, यांनी हजेरीपत्रकाबद्दल खरं ते सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी यांच्या टेबलावर यांच्याच सहीचा राजीनामा आला. 'घरगुती अडचणींमुळे स्वखुशीने.' अक्षर टाईपचं, सही यांची. कुठे दाद मागणार? "सही माझीच होती ना," असं म्हणून ते कपातला उरलेला चहा प्यायला लागले. मी तोंडाने चुकचुकले आणि विषय बदलला.

माझ्या कागदाची गोष्ट त्याच्या आधीची, अगदी पहिल्या वर्षाची. ही युक्ती चालते का बघायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मी नणंदेशी फोनवर बोलत होते, कुणाच्या तरी साखरपुड्यात कोण कसं वागलं याची साग्रसंगीत चर्चा चालली होती. त्यांनी कागद सरकवला, "मॅडम, खाली सही." मी फोन खांद्यात धरून केली सही, सहीखाली माझ्या सवयीच्या दोन रेघासुद्धा ओढल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी कागद दाखवला तेव्हा मी पोट धरून हसले. "अहो, तुम्ही दिलात म्हणून केली! तुमच्यावर काय अविश्वास दाखवायचा?" ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात. मागा, देतो." मी म्हटलं, "ठेवा तुमच्याकडेच. फ्रेम करा." पुढे कित्येक वर्षं हा आमच्यातला विनोद होता. ते म्हणायचे, "मॅडम, मागताय का?" मी म्हणायचे, "नाही जा." कधीच मागितला नाही मी.

त्यांच्या या परीक्षेचं मी कौतुकच सांगत बसले तर खोटं होईल. सुरगाण्याकडची एक मुलगी होती, रेखा म्हणू या तिला. होस्टेलवर राहायची, मोजकं बोलायची. तिने कागद बघितला, पेन बघितलं आणि हात मांडीवर ठेवून म्हणाली, "सर, यावर काय लिहिणार तुम्ही? आधी लिहा, मग करते." त्या दिवशी बागूल सर स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत फिरले. पाचही रकान्यांत पाच दिले तिला. पुढे ती सातपूरला एका ऑफिसात लागली, आणि महिन्याभरात कॉलेजात उभी राहिली. तिथे कोरा कागद पुढे आला, तिने तेच विचारलं, आणि तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले. "सर, बाकीच्या सगळ्यांनी सही केली. त्या आहेत अजून नोकरीत. मला घरी काय तोंड दाखवू ते सांगा तुम्ही." ती ओरडत नव्हती, म्हणून जास्त लागत होतं. सर उभे होते, हातात खडू तसाच. पुढचे आठ-दहा दिवस त्यांनी मुलाखतीत कागद पुढे केला नाही. तिच्यासाठी चार ठिकाणी स्वतः जाऊन आले, एकाही ठिकाणी काम झालं नाही, ती गावी परत गेली. मी म्हटलं, "सोडा हो सर ते खूळ. जग असंच आहे. मुलांना नोकरी लागणं महत्त्वाचं." ते म्हणाले, "मी तिला पाचपैकी पाच दिले होते मॅडम." एवढंच. दुसऱ्या दिवशी टेबलावर पुन्हा कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता.

आता जे सांगायचंय त्यासाठी मी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागात एक कायम जागा निघाली. अठरा वर्षांत पहिली. बागूल सरांचं वय तेव्हा एक्कावन्न. पुन्हा कधी जागा निघेल नि तोवर हे वयात बसतील, असलं काही शक्य नव्हतं. ही एकच संधी होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी नवा शर्ट शिवला. त्यांच्या पत्नी मंगलाताई सप्तशृंगीला जाऊन आल्या, मलाही प्रसाद पाठवला. निवड समितीत विभागप्रमुख म्हणून मी होते. बाकी बाहेरचे तज्ज्ञ, संस्थेचे लोक. सकाळी पोह्यांच्या बश्या फिरल्या, त्यांच्या पाठोपाठ हेडक्लार्क गुणपत्रिका घेऊन आला. उमेदवारांची नावं छापलेली, गुणांचे रकाने रिकामे. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मॅडम, साहेबांना दुपारी पुण्याला निघायचंय. आकडे संध्याकाळी एकदमच भरू. आत्ता नुसत्या सह्या उरकून घेतो." सगळ्यांनी केल्या. माझ्यापर्यंत कागद आला, मीही केली. खाली दोन रेघा.

मला कल्पना नव्हती असं मी म्हणणार नाही. कुणाचं नाव ठरलंय ते शिपायालासुद्धा ठाऊक होतं. आणि माझ्या बढतीची फाईल त्याच वेळी त्याच लोकांच्या टेबलावर पडून होती. हात आखडला असता तर फाईल आखडली असती. झालं, इतकं साधं आहे. मला कुणी धमकावलं नाही, कुणी काही देऊ केलं नाही. पोह्यांची बशी डाव्या हातात होती, उजव्या हाताने सही केली.

बागूल सर शेवटचे उमेदवार. आत आले, नमस्कार केला, बसले. शिक्षकाला उलटा कागद वाचायची सवय असते, मुलांचे पेपर समोरून वाचून वाचून डोळ्यांना वळण पडतं. त्यांची नजर टेबलावर गेली आणि माझ्यासमोरच्या गुणपत्रिकेवर थांबली. रिकामे रकाने, खाली माझी सही. मी कागदावर फाईल ठेवली, पण उशिरा. त्यांनी वर बघितलं तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं! एका तज्ज्ञाने विचारलं, "विद्यार्थ्यांच्या तयारीचं मूल्यमापन तुम्ही करता असं इथे लिहिलंय. कसं करता?" सरांनी व्यवस्थित सांगितलं, संवाद, वक्तशीरपणा, पाचही रकाने. "आणि शेवटी एक कागद देतो." "कसला कागद?" सर माझ्याकडे बघून म्हणाले, "साधाच सर. कोरा." तज्ज्ञांना वाटलं काही तरी निबंध वगैरे लिहून घेत असतील. "छान, छान," म्हणाले. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि ठेवून दिला.

मुलाखत संपल्यावर ते जिन्यात थांबले होते. "मॅडम, चहा?" मी कँटीनला गेले, न जाऊन सांगते कुणाला. त्यांनी दोन चहा सांगितले, नेहमीसारखी माझ्या कपात साखर कमी. मग म्हणाले, "बरी झाली ना मुलाखत?" मी म्हटलं, "छान झाली सर." निकाल लागला. ठरलेलं नाव लागलं, माणूस रुजू झाला, वाईट नाही तो, त्याच्यावर माझा राग नाही. माझी बढतीही झाली. बागूल सर पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्या बाकावर बसले, एकोणिसाव्यांदा, तासिका तत्त्वासाठी. आमचे तास कमी झाले म्हणून त्यांनी वणीच्या कॉलेजातही अर्धा दिवस घेतला. सकाळी इथे, मग निमाणी स्टँडवरून एसटी, संध्याकाळी परत. काखेत तीच काळी बॅग, तिच्यात दोन्हीकडच्या मुलांचे फॉर्म. माझ्याशी वागणं काही बदललं नाही त्यांचं. "मॅडम" तसंच, साखर कमी तशीच. फक्त, "मागताय का?" हा विनोद त्यांनी पुन्हा कधी केला नाही. मला शंभरदा वाटलं की बोलावं. लायब्ररीपर्यंत जायचे, खोलीचं दार अर्धं उघडं असायचं, आत कुणी तरी पोरगं मायसेल्फ मायसेल्फ करत असायचं… परत फिरायचे. मूल मोठं करून संसार चालवलेली, स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांना तोंडावर बोलणारी बाई मी, आणि एका दारातून आत जायला मला दोन वर्षं पुरली नाहीत.

तेराव्याला मंगलाताईंनी मला बाजूला घेतलं. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, भाड्याचं. पाहुणे जेवत होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही होतात ना त्या इंटरव्ह्यूला? कमी कुठे पडले हो हे? मला म्हणाले, कुठेतरी कमी पडलो गं. कुठे ते सांगितलंच नाही. दोन वर्षं पहाटे उठून इंग्रजीचा अभ्यास करायचे. बावन्नाव्या वर्षी…" मी म्हटलं, "स्पर्धा फार होती ताई." त्यांनी मान डोलावली आणि ताटं वाढायला गेल्या. घरी येऊन मी जेवले नाही एवढंच. त्याचं तरी काय मोठं.

मागच्या आठवड्यात हेडक्लार्कने आठवण केली, मुलांचे तयारीचे फॉर्म बागूल सरांच्या बॅगेत राहिलेत, अहवाल पाठवायचाय, घेऊन या. मी गेले. बॅग खिळ्याला टांगलेली होती, दारामागे, ते टांगायचे तशीच. मंगलाताईंनी ती काढून पलंगावर रिकामी केली. छत्री, चष्म्याचं घर, खडूचा डबा, अर्धा संपलेला बिस्किटाचा पुडा, फॉर्मचा गठ्ठा, आणि सही केलेले कोरे कागद, रबरबँड लावलेले. त्या एकेक चाळत होत्या. "हे काय, सगळे कोरेच? आणि सह्या कशाला?" मी त्यांना परीक्षा समजावून सांगितली, मागायला यायचं, समोर फाडायचं, न मागणाऱ्याला शेवटच्या दिवशी बोलावून द्यायचं. बोलता बोलता माझ्या तोंडून निघालं, "त्यात माझाही एक असेल ताई. तो द्या." नऊ वर्षांत पहिल्यांदा मागितला मी. गठ्ठ्यात नव्हता. बॅगेच्या पुढच्या कप्प्यात होता, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये वेगळा. त्या दिवशी द्यायचा म्हणून काढून ठेवलेला. कडा पिवळ्या झालेल्या, बाकी तसाच. वर काही नाही, खाली सही, दोन रेघा. त्यांच्या मनात आलं असतं तर त्यावर काय वाटेल ते लिहिता आलं असतं त्यांना. सरळ पाठवून दिलं असतं कुठेही.

मंगलाताईंनी तो माझ्या हातात दिला. "घ्या, फाडा. तसा नियम आहे म्हणालात ना." मी दोन्ही हातांनी धरला, आणि नाही फाडता आला. त्यांच्या चष्म्याच्या घरात पेन होतं. पलंगाच्या कडेवर बसून मी माझ्या सहीच्या वरच्या कोऱ्या जागेत लिहायला लागले. अक्षर वाकडं येत होतं, मोठ्या माणसाचं वाटू नये इतकं. मी लिहिलं : 'श्री. दिनकर बागूल त्या मुलाखतीत कुठेही कमी पडले नव्हते. आलेल्या सर्व उमेदवारांत ते सर्वांत योग्य होते. त्यांची मुलाखत होण्याआधीच, गुणांचे रकाने रिकामे असताना, मी गुणपत्रिकेवर सही केली होती. स्वतःच्या बढतीसाठी केली. हे मी कुणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे.' याची एक प्रत दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली, उलटी करून ठेवली आणि मला घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. माझं जे व्हायचं ते होईल. हा मजकूर इथे छापायला मंगलाताईंनी हो म्हटलंय, नाही तर मी लिहिला नसता.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी कागद मंगलाताईंच्या हातात दिला. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या, बोट ठेवून, ओठ हलवत सावकाश वाचत गेल्या. वाचून झाल्यावर पुन्हा वरून वाचलं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी वाट बघत होते, त्या बोलतील, रडतील, माझ्या थोबाडीत मारतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे पास होते." मला विचारत नव्हत्या. भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाल्या. मग त्यांनी छत्री, चष्म्याचं घर, खडूचा डबा एकेक करून बॅगेत परत भरलं, मुलांचे फॉर्म आणि कागद माझ्यापुढे ठेवले, माझा कागद घडी न घालता त्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवला, फोल्डर पुढच्या कप्प्यात ठेवला, चेन लावली आणि बॅग दारामागच्या खिळ्याला टांगली. मी चपला घालेपर्यंत दारात उभ्या होत्या. माझ्यासाठी दार धरलं त्यांनी. "या" मात्र म्हणाल्या नाहीत.